कारिटाची दिवाळी: सणावरच्या काळ्या विनोदाचा अ‍ॅनिमेशन लघुपट कसा उभा करायचा

नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीवृंदावनापाशी घरातलं लहानमोठं प्रत्येक जण डाव्या पायाने कारीट, म्हणजे एक लहानसं कडू रानफळ, फोडतं. ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणतं, कडू रस जिभेला लावतं, एखादी बी कपाळाला लावतं आणि फराळाला जातं. कोकणात आणि गोव्यात वाढलेल्या माणसाला यात भयंकर काहीच दिसत नाही, कारण तो नरकासुराचा वध असतो. आता कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर आणा आणि तीच पहाट कारिटाच्या नजरेने पाहा. वेलीवर वाढलेलं, बाजारात निवडून घेतलेलं, ताटात पणत्यांशेजारी मांडलेलं कारीट. आपण सणाचे मानकरी आहोत, अशी त्याची खात्री आहे.

इथेच लघुपट सुरू झाला. सणावरच्या काळ्या विनोदात काळेपणा बाहेरून आणून चिकटवायचा नसतो. तो रीतीतच असतो, फक्त आपण रोजच्या उंचीवरून पाहतो म्हणून दिसत नाही. दिवाळीच्या घरात कुऱ्हाड घेतलेला माणूस घुसवला तर तो भयपट होईल. दिवाळीच्या घरात दिवाळीच होऊ द्या आणि ती ज्याच्यावर गुदरते त्याच्या शेजारी प्रेक्षकाला बसवा. पुढची सगळी कृती या एकाच गोष्टीसाठी आहे. उदाहरण म्हणून कारिटाचीच गोष्ट शेवटपर्यंत घेतली आहे. लांबी साडेतीन मिनिटं, म्हणजे २१० सेकंद.

आधी रीत निवडा, गोष्ट नंतर

कागद घ्या आणि आपल्या भागातल्या सणांमध्ये माणसं प्रत्यक्ष हाताने काय काय करतात ते लिहा. भावना लिहू नका, क्रिया लिहा. दसऱ्याला आपट्याची पानं ओरबाडून ‘सोनं’ म्हणून वाटतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी करून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात. होळीला लाकडं गोळा करतात, कधी शेजाऱ्याची पळवतात. दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात आणि सण झाला की त्याच किल्ल्यात फटाका लावतात. गोव्यात तरुण मुलं कित्येक रात्री जागून नरकासुराची भली मोठी प्रतिमा उभी करतात आणि पहाटे ती जाळतात.

प्रत्येक क्रियेला तीन प्रश्न विचारा. हे ज्याच्यावर होतं त्याला बोलता आलं असतं तर तो काय समजला असता? त्याचा गैरसमज सणाच्या शब्दांतूनच होऊ शकतो का? आणि करणारी माणसं निष्पाप आहेत का? तिन्ही उत्तरं मिळाली तरच पुढे जा. आपट्याच्या झाडाला लोक सोनं म्हणतात, म्हणून ते फुशारतं आणि संध्याकाळपर्यंत ओकंबोकं होतं. इथे गैरसमज शब्दातच आहे, म्हणून कल्पना पक्की. किल्ल्याच्या मावळ्यांचंही जमेल, पण पंचवीस पात्रं हलवावी लागतील. कारीट सगळ्यांत सोपं: अंड्याएवढं, हिरवं, पांढुरक्या पट्ट्यांचं, हात नाहीत, पाय नाहीत. एकट्याने काम करणाऱ्या अ‍ॅनिमेटरसाठी याहून सोयीचा नायक नाही.

देव, पूजेतली मूर्ती, आरतीचे शब्द विनोदाचं लक्ष्य करू नका. भीती हे त्याचं कारण नाही. गोष्टीचा भार रीतीवर असतो, आणि रीत खरी वाटायची तर श्रद्धा जशीच्या तशी जिवंत दिसली पाहिजे. आजी मनापासून ‘गोविंदा’ म्हणते म्हणूनच तो शब्द शेवटी अंगावर येतो.

जुन्या कामातून एक धडा

नाताळावर असं काम फार पूर्वी झालं आहे. एमजीएम या अमेरिकी चित्रपट कंपनीसाठी ह्यू हार्मनने केलेला ‘पीस ऑन अर्थ’ हा लघुपट डिसेंबर १९३९ मध्ये आला, युरोपात महायुद्ध पेटून तीन-चार महिने झाले होते तेव्हा. नाताळचं गाणं चालू आहे, ‘माणसांत सद्भाव नांदो’ अशा अर्थाची ओळ येते, आणि खारीची नातवंडं आजोबांना विचारतात की माणूस म्हणजे काय? माणसं एकमेकांना मारून संपलेली आहेत. उरलेल्या लोखंडी शिरस्त्राणांची घरं करून प्राणी त्यांत सुखाने राहतात. या लघुपटाला ऑस्करचं नामांकन होतं, आणि १९५५ मध्ये ‘टॉम अँड जेरी’वाल्या हॅना आणि बार्बेरा यांनी तो ‘गुड विल टू मेन’ या नावाने पुन्हा केला.

तो पूर्ण विनोदी नाही, पण त्याची रचना उघडून पाहण्यासारखी आहे. संपूर्ण भयाण पार्श्वभूमी एका लहान मुलाच्या भाबड्या प्रश्नातून उघडते, आणि तो प्रश्न सणाच्या गाण्यातल्याच एका शब्दावरून येतो. बाहेरून एकही शब्द आणलेला नाही. आपल्या गोष्टीत ते काम ‘मान’ हा शब्द करेल. कारीट ताटात आल्यावर विचारतं, ‘मला का आणलं?’ पणती म्हणते, ‘उद्या पहिला मान तुझा.’ ती खोटं बोलत नाही. स्वतः रात्रभर जळणं हाही तिच्या लेखी मानच आहे.

फटका कोणाला बसतो

कारीट पूर्ण निष्पाप, घरातली माणसंही पूर्ण निष्पाप. मध्ये खलनायक आला की प्रेक्षक त्याच्यावर राग काढून मोकळा होतो आणि काळेपणा विरून जातो. घर प्रेमळ ठेवा. बाबा झोपेत चालताहेत, आजी उटणं कालवते आहे, सात-आठ वर्षांची मुलगी थंडीने कुडकुडते आहे.

नायकाला एक इच्छा हवी आणि ती साधी हवी. कारिटाला सण पाहायचा आहे, एवढंच. दुसरी इच्छा, दुसरा मित्र, प्रेमप्रकरण काहीही जोडू नका, २१० सेकंदांत जागा नाही.

सर्वांत महत्त्वाचं वळण असं: नायकाचा घात त्याच्या इच्छेनेच व्हावा. मुलगी पाय उचलते आणि थबकते. ‘नको गं आजी, कसंतरी वाटतं.’ प्रेक्षकाला वाटतं, वाचलं. आणि कारीटच खालून ओरडतं, ‘अगं ये ना! घाबरतेस काय! मी आहे!’ या चार-पाच सेकंदांसाठी सगळी फिल्म असते. कारीट गप्प राहिलं असतं तर ती फक्त दुर्दैवी घटना झाली असती. त्याने आग्रह केला, म्हणून हसू येतं आणि हसताना घशात अडकतं.

काही गोष्टी वापरू नका. कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधणं हा विनोद नव्हे, ते खरोखर घडतं आणि मुकं जनावर खरोखर होरपळतं. भाजलेलं मूल, विधवेला सणातून बाजूला ठेवणं, कोणाची जात, कोणाचं व्यंग, यांपैकी काहीही ‘काळा विनोद आहे’ या सबबीवर चालत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: फटका बसणाऱ्याला पडद्याबाहेरही तोच फटका बसत असेल तर तो प्रसंग काढा.

२१० सेकंदांची वाटणी

पहिली वीस सेकंदं बाजार. आदली संध्याकाळ, टोपलीत कारिटांचा ढीग, आजी आणि नात पाच कारिटं वेचून घेतात. नायकाचं पहिलं वाक्य: ‘दिवाळी आली!’ हे वाक्य जपून लिहा आणि जपून रेकॉर्ड करा, फिल्म याच वाक्यावर संपणार आहे.

पुढची चाळीस सेकंदं घरातलं ताट. पणत्या, उटण्याची वाटी, तेल, कारिटं. ‘मान’ची बोलणी इथे. त्यानंतर चाळीस सेकंदं रात्र. ताट वृंदावनाच्या कठड्यावर आहे, लांब फटाके उडताहेत, आणि फरशीवर मागच्या वर्षीचे फिकट डाग आहेत. कारिटाला ती रांगोळी वाटते. ‘गेल्या वर्षीची आहे वाटतं. पुसट झाली.’ हे डाग अतिशय गरजेचे आहेत. ज्याने आयुष्यात कारीट पाहिलेलं नाही अशा नागपूरच्या किंवा न्यू जर्सीतल्या प्रेक्षकालाही इथे शंका आली पाहिजे. निवेदकाकडून रीत समजावून सांगितलीत तर विनोद तिथेच संपेल.

१:४० ते २:२० पहाट. पाचपैकी तीन कारिटं जातात. तिन्ही वेळा तेच दाखवू नका. पहिलं गेल्याचा फक्त आवाज, कारण नायक दुसरीकडे पाहतो आहे. दुसरं गेल्यावर आजीच्या जिभेला लागलेला कडू रस आणि तिचं वेडंवाकडं तोंड. तिसऱ्याला काहीच नाही, फक्त ताटातली रिकामी जागा. नायक समजतो की मंडळी आत फराळाला गेली. पुनरावृत्तीत प्रत्येक वेळी दाखवायचं कमी करत जा. तीनदा पूर्ण प्रसंग दाखवला की तिसऱ्यांदा प्रेक्षक कंटाळतो आणि चौथा, खरा प्रसंग बोथट होतो.

२:२० ते २:५० मुलगी, थबकणं, आग्रह आणि पाऊल. २:५० ते ३:१० मुलीच्या कपाळावरची बी. ती बी डोळे उघडते, आनंदाने इकडेतिकडे पाहते, ती टॉवेलने पुसली जाते आणि वृंदावनाच्या मुळाशी पडते. शेवटची वीस सेकंदं पाऊस, अंकुर, वेल, नवं कारीट. लांबून पहिला फटाका ऐकू येतो. ‘दिवाळी आली!’ तोच आवाज, तीच चाल. काळोख.

काही घरांत कारीट अभ्यंगस्नानाआधी फोडतात, काही घरांत नंतर. दोन्ही खरं आहे, पण तुमच्या फिल्ममधल्या घरात एकच काहीतरी ठरवा. केस ओले की कोरडे, अंगावर पंचा की नवे कपडे, हे सगळं त्यावर ठरतं. जाणता प्रेक्षक असली चूक लगेच पकडतो, आणि एकदा त्याला रीत खोटी वाटली की पुढचं काहीच पोहोचत नाही. ज्या गावचं घर काढत असाल तिथल्या दोन-तीन जाणत्या बायकांना विचारून घ्या.

पाऊल पडण्याचा शॉट, फ्रेमनुसार

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आहेत. हा तुकडा एक्सपोजर शीटवर, म्हणजे कुठल्या फ्रेमला काय होतं त्याच्या तक्त्यावर, फ्रेमच्या हिशेबानेच लिहा, अंदाजाने करू नका.

कारीट वर पाहून हसतं आहे: ३६ फ्रेम. डोळ्यांची एक उघडझाप सोडली तर हालचाल नाही. मग त्याच्यावर सावली येते: १२ फ्रेम. सावलीची कड धारदार ठेवा आणि ती डावीकडून उजवीकडे सरकवा. वरून अंधार पडत गेला तर धोका आधीच कळतो. कारीट म्हणतं, ‘अय्या, छत्री!’ ३० फ्रेम. सावली स्थिर झाल्यावर आणखी ८ फ्रेम काहीही नाही. या ८ फ्रेम पुष्कळ जण कापतात आणि तिथेच फसतात. प्रेक्षकाला छत्री या शब्दावर हसायला आणि मग पुढचं समजायला एवढा वेळ लागतोच.

आता कट. फुटताना दाखवायचं नाही. थेट पणतीच्या ज्योतीचा जवळचा शॉट. तिसऱ्या फ्रेमवर ज्योत दचकते, ६ फ्रेममध्ये कलते आणि १० फ्रेममध्ये सावरते. ‘पच्’ हा आवाज ज्योत दचकते त्याच फ्रेमवर किंवा एक फ्रेम नंतर ठेवा. चित्राच्या आधी आवाज आला की मेंदू तो अपघात मानत नाही, चूक मानतो. त्यानंतर ३० फ्रेम, म्हणजे सव्वा सेकंद, शांतता. फक्त रातकिडे. मग सगळं घर एका सुरात: ‘गोविंदा!’

ही शांतता १२ फ्रेमच्या खाली गेली तर काय झालं ते कळायच्या आत ‘गोविंदा’ येतं आणि हसू फुटत नाही. ती दोन सेकंदांच्या वर गेली तर प्रेक्षक शोक करू लागतो, आणि त्यानंतरचं ‘गोविंदा’ क्रूर वाटतं. दहा-बारा फ्रेमचा हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी ठरत नाही, कारण तुम्ही तो शॉट शंभरदा पाहिलेला असतो. अ‍ॅनिमॅटिकमध्ये (साध्या चित्रांना आवाज जोडून केलेल्या कच्च्या फिल्ममध्ये) २०, ३० आणि ४० फ्रेमच्या तीन आवृत्त्या काढा आणि वेगवेगळ्या माणसांना दाखवा.

रंगांची एक सक्त सूचना. कारिटाचा गर फिकट असतो, रस हिरवट-पिवळट. तो तसाच ठेवा. त्या पाच-सहा शॉटमधून लाल रंग पूर्ण काढून टाका: कुंकू नाही, लाल रांगोळी नाही, आजीचं लुगडं लाल नाही. फ्रेममध्ये कुठेही लाल दिसलं की डोळा त्याला रक्त समजतो आणि फिल्म दुसऱ्याच प्रकारात जाते. पहाटेचा निळा, पणतीचा पिवळा, कारिटाचा हिरवा, एवढे तीन रंग पुरतात.

चेहरा आणि हालचाल

कारिटाला दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक रेघेचं तोंड द्या. पापण्या, गाल, भुवया दिल्या की ते खेळण्यातलं पात्र होतं आणि प्रेक्षक आधीच कळवळू लागतो. भाव डोळ्यांतल्या अंतरावर आणा: ठिपके जवळ आले की विचार, लांब गेले की आश्चर्य. पाच डोळे आणि सहा तोंडं काढून ठेवली की सगळे संवाद निघतात.

त्याला हात-पाय देण्याचा मोह आवरा. ते फक्त लोळू आणि डुलू शकतं, आणि पळू शकत नाही हा गोष्टीचा गाभा आहे. लोळण्याला वजन द्या: सुरुवातीला ४ फ्रेम मागे कलणं, मग पुढे, थांबताना एकदा पलीकडे जाऊन परत येणं. वजन नसलेलं कारीट फुग्यासारखं दिसतं, आणि फुगा चिरडल्याने कोणाला काही वाटत नाही.

माणसांचे चेहरे शक्य तितके फ्रेमबाहेर ठेवा. जमिनीलगतच्या कॅमेऱ्याला पावलं, साडीचे काठ, पैंजण आणि पंचाची कड एवढंच दिसतं. यात काम वाचतंच, शिवाय प्रत्येक माणूस पावलावरून ओळखता येतो: आजीच्या भेगाळलेल्या टाचा, बाबांची रबरी चप्पल काढून ठेवण्याची लकब, मुलीची थंडीने आखडलेली बोटं. चेहरे फक्त दोनदा: कडू रसाने आजीचं तोंड वाकडं होतं तेव्हा, आणि कपाळावरच्या बीसाठी मुलगी दिसते तेव्हा.

मातीचं स्टॉप मोशन (वस्तू जराजरा हलवून एकेक छायाचित्र घेणं) करायचं असेल तर खरं कारीट वापरू नका. दिव्याच्या उष्णतेने ते दोन-तीन दिवसांत सुरकुततं, आणि २१० सेकंदांना सेकंदाला १२ चित्रं धरली तरी २५२० छायाचित्रं लागतात, म्हणजे कित्येक आठवडे. व्लादिस्लाव स्तारेविच या अ‍ॅनिमेटरने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कीटकांचे असेच चित्रपट केले. जिवंत कीटक दिव्याखाली टिकत नाहीत हे पाहून त्याने मेलेल्या कीटकांना तारेचे पाय लावून ते हलवले, आणि १९१३ मध्ये त्यांचा नाताळही साजरा केला. आपल्याला न वाळणारी तेलमाती पुरेल, आत फॉइलचा गोळा. एकाच मापाची चार कारिटं करून ठेवा, बोटांचे ठसे उमटले की बदलता येतील.

आवाज

संवाद अ‍ॅनिमेशनच्या आधी रेकॉर्ड करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. खोलीत गाद्या-गोधड्या टांगल्या तरी घरगुती कामाला पुरेसं होतं. माइक तोंडापासून वीतभर. प्रत्येक वाक्याचे किमान पाच टेक घ्या, आणि कलाकाराला एकच सूचना द्या: विनोद करू नको, तुला खरंच आनंद झालाय. सणाच्या काळ्या विनोदाचं सर्वाधिक नुकसान खोडकर आवाज करतो. पात्राला स्वतःचं भविष्य माहीत असल्याचा जरा जरी सूर लागला तरी प्रेक्षक बाहेर पडतो. बोलीचंही तसंच. घर सिंधुदुर्गातलं असेल तर मालवणी ज्याच्या तोंडात रोज असते त्याच्याकडूनच बोलून घ्या. हसवण्यासाठी बोली उसनी आणली की ती लगेच खोटी ऐकू येते.

संगीत आनंदी ठेवा आणि पाऊल पडल्यानंतरही आनंदीच ठेवा. वाईट घडलं म्हणून उदास सूर लावणं म्हणजे प्रेक्षकाच्या कानात रडायची सूचना देणं. पहाटेच्या सनईचा एक तुकडा, तोच सुरुवातीला, तोच शेवटी. प्रत्यक्ष वादकाकडून वाजवून घ्या आणि लेखी परवानगी ठेवा. जुन्या रेकॉर्डवरची सनई किंवा चित्रपटातलं गाणं उचललं तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कावरून फिल्म खाली उतरू शकते, रचना कितीही पारंपरिक असली तरी.

‘पच्’साठी काकडी ओल्या फडक्यात गुंडाळून टाचेने दाबा आणि माइक जमिनीलगत ठेवा. टोमॅटोचा आवाज फार ओला येतो, रक्तासारखा. काकडीत आधी बारीक तडकन आणि मग ओल येते, ती बरोबर बसते. पहिल्या तीन कारिटांना आवाज कमी ठेवा, नायकाच्या वेळी थोडा जवळचा. यूट्यूबवर टाकायची असेल तर शेवटचं मिश्रण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज एकूण किती मोठा लागतो त्याचं माप) आसपास ठेवा. त्याहून मोठं केलं तर तिथे ते आपोआप खाली आणलं जातं, आणि मोठं करताना शांततेचा फरक आधीच आकसलेला असतो.

अ‍ॅनिमॅटिकवर परीक्षा

स्टोरीबोर्डची साधी चित्रं आणि खरे संवाद जोडून पूर्ण २१० सेकंदांचं अ‍ॅनिमॅटिक करा. त्याआधी एकही शॉट रंगवू नका. सहा जणांना दाखवा: दोघं कारीट ओळखणारे, दोघं न ओळखणारे, एक आजी, आणि पालकांच्या संमतीने दहा-बारा वर्षांचं एखादं मूल. पडद्याकडे पाहू नका, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा आणि कुठल्या सेकंदाला काय झालं ते टिपा.

कारीट न ओळखणाऱ्यांना १:४० च्या आत शंका आली नसेल तर फरशीवरचे डाग पुरेसे दिसत नाहीत, तो शॉट दीड सेकंदाने वाढवा. ‘छत्री’वर हसू आलं पण ‘गोविंदा’वर आलं नाही, तर शांतता बिघडली आहे. ‘अगं ये ना’वर कोणीच हललं नाही, तर मुलीचं थबकणं छोटं आहे. तिला पाऊल मागे घेऊ द्या, वळू द्या, दोन पावलं जाऊ द्या. आजी नाराज झाली तर तिला तपशिलात विचारा. बहुधा रीतच चुकलेली असते: पाय उजवा, जागा उंबऱ्याच्या आत, नाहीतर ‘गोविंदा’ भलत्याच क्षणी. आणि शेवटच्या ‘दिवाळी आली!’ला खोली शांत झाली तर काहीही बदलू नका.

कामाचा हिशेब

२१० सेकंद गुणिले २४ म्हणजे ५०४० फ्रेम. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवलं तर २५२० चित्रं. पण स्थिर कारीट, पुन्हा वापरलेली तोंडं आणि पार्श्वभूमी सरकवलेले शॉट धरले तर नवी चित्रं हजार-बाराशेत बसतात. शॉट ४५ च्या आसपास ठेवा, पार्श्वभूमी नऊ: बाजार, ताट, वृंदावन चार कोनांतून, अंगण, पाऊस, वेल. ओपनटूंझ, क्रिता किंवा ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल, तिन्ही मोफत आहेत आणि यातल्या एकावर सगळं काम निघतं.

एका माणसाच्या हातून अशा मर्यादित हालचालीचे रोज दोन ते तीन सेकंद निघतात. अडीच धरले तर ८४ दिवस, आठवड्याला सहा दिवस धरून १४ आठवडे. गोष्ट आणि अ‍ॅनिमॅटिकला तीन, आवाज आणि जोडणीला दोन. एकूण १९. अक्षय्य तृतीयेला सुरुवात केली तर गणपतीच्या सुमारास काम संपतं आणि दुरुस्तीला महिना उरतो. श्रावणात सुरुवात करणाऱ्यांची फिल्म तुळशीचं लग्नही उलटून गेल्यावर तयार होते, तोवर कारिटाची आठवण कोणाला राहत नाही.

क्रमाबद्दल एक आग्रह: पाऊल पडण्याचा शॉट सर्वांत आधी पूर्ण करा, रंगासकट, आवाजासकट. तो जमला तर बाकीचं कशासाठी करायचं हे रोज समोर दिसतं. तो जमत नसेल तर तीन महिने वाया जाण्याआधी कळतं.

दाखवताना

चित्रपटगृहात दाखवायची तर लघुपटालाही सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए गटाचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या गटाचे) ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झाले आहेत. यूट्यूबवर टाकताना ही फिल्म ‘मुलांसाठी बनवलेली’ नाही असं स्पष्ट नोंदवा. गोंडस हिरवं पात्र आणि पणत्या पाहून पाच वर्षांचं पोर एकटंच बघायला बसू शकतं, म्हणून मुखचित्रात कारिटाच्या जोडीला पावलाची सावली दिसू द्या.

प्रकाशनाची वेळ वसुबारस किंवा धनत्रयोदशीची संध्याकाळ. चतुर्दशीच्या दुपारी टाकलीत तर लोकांचं कारीट फोडून झालेलं असतं. आदल्या दिवशी पाहिलेला माणूस दुसऱ्या पहाटे पाय उचलताना अर्धा क्षण थांबतो, आणि फिल्मला हवा तो प्रेक्षक हाच.

परभाषकांसाठी उपशीर्षकं देताना संवादांचं भाषांतर करा, ओळी छोट्या ठेवा, पण ‘गोविंदा’ भाषांतरित करू नका. त्या सव्वा सेकंदाच्या शांततेत पडद्यावर एकही अक्षर असू नये. आधीचं उपशीर्षक ‘छत्री’ या शब्दाबरोबरच उतरवा.